निजेला धोंडा, होस्टेलला कॅमोमाईल!

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. खरी भूक लागली असेल तर कोंड्याची भाकरीही गोड लागते आणि खरी झोप आली असेल तर उशाला दगड असला तरी चालतो, असा तिचा साधा अर्थ. आमच्या होस्टेलचा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. इथे धोंडा आहे (ज्यांनी आमच्या गाद्या पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको!), दिवसभराची दमणूक आहे, सकाळच्या पहिल्या लेक्चरला मागच्या बाकांवर पेंगणारी डोकी आहेत... फक्त रात्री झोप तेवढी नाही. आणि जिथे एखाद्या गोष्टीचा तुटवडा असतो तिथे ती विकणारा हजर होतोच. हे कळायला काही एमबीए करावं लागत नाही.

सध्या आमच्या मजल्यावरच्या कुठल्याही खोलीत डोकावून बघा. टेबलावर कॅल्क्युलेटर, अर्धवट जर्नल, वेफर्सचं रिकामं पाकीट आणि त्याच्या शेजारी एक देखणा डबा. डब्यावर पांढऱ्या पाकळ्यांची फुलं, एक चंद्रकोर आणि गाढ झोपेचं आश्वासन. आत वीस-पंचवीस पुड्या, किंमत तीन-चारशे रुपये. कुणाकडे अश्वगंधाच्या 'गमीज', कुणाकडे उशीवर मारायचा लॅव्हेंडरचा स्प्रे, तर कुणाकडे दुधात टाकायची 'निद्रा पावडर'. एरवी मेसच्या बिलात दहा रुपये जास्त लागले तर मॅनेजरशी भांडणाऱ्या मुली हे सगळं बिनबोभाट विकत घेतात, कारण सगळ्यावर एकच जादूचा शब्द छापलेला असतो : 'नॅचरल'!

मंडळी, माझं झाडपाल्याशी काही वैर नाही. त्यात जे तथ्य आहे ते आहे, आणि ते मी पुढे सांगणारच आहे. पण माझं म्हणणं असं की आपली झोप कुठल्या फुलाच्या किंवा मुळीच्या कमतरतेमुळे गेलेली नाही. ती चोरीला गेलीय. आणि चोर कोण हे माहीत असताना, त्याच्याबद्दल तक्रार करायची सोडून आपण दर महिन्याला बाजारातून नवीन झोप आणायला निघालोय. हा व्यवहार मला पटत नाही.

सुरुवात 'हर्बल टी' या नावापासूनच करू. चहा ही एकाच झुडपाची पानं. 'कॅमेलिया सायनेन्सिस' हे त्या झुडपाचं शास्त्रीय नाव. टपरीवरचा कटिंग असो, ग्रीन टी असो की व्हाइट टी, झाड तेच; फरक फक्त पानांवर केलेल्या प्रक्रियेचा. म्हणजे त्या सगळ्यांत कॅफीन आहे. 'मी हल्ली चहा सोडलाय गं, रात्री फक्त ग्रीन टी घेते' असं म्हणणारी मैत्रीण खरं तर दरवाजा बंद करून खिडकीतून चहा आत घेत असते. हर्बल टी हे प्रकरण वेगळं. त्यात चहाचं पान नसतं. फुलं, मुळं, साली, बिया उकळत्या पाण्यात घातलेल्या असतात. याला मराठीत एक छान जुना शब्द आहे... काढा! लहानपणी आजीने दिला की आपण नाक दाबून पळायचो, तोच. आता तो रेशमी पिशवीत बसून आलाय म्हणून आपण त्याचा फोटो काढतो, एवढंच.

यात आपल्या गवती चहाची गंमत अजून वेगळी. नावात चहा, पण कॅफीनचा पत्ता नाही. नुसता गवती चहा आणि आलं उकळून प्यायलात तर झोपेला काही अडचण नाही. पण आपल्याकडे तो नुसता कोण पितो? आधी पाण्यात गवती चहा, मग साखर, मग दोन चमचे चहा पावडर, मग दूध. झाला नेहमीचाच चहा, फक्त वास हर्बल!

आता चोर नंबर एक : कॅफीन. आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत 'अ‍ॅडेनोसिन' नावाचा पदार्थ साठत जातो आणि तो जितका साठेल तितकी झोप येते. कॅफीनचा रेणू जाऊन नेमका अ‍ॅडेनोसिनच्या जागेवर बसतो, म्हणून दमल्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. दमणूक मात्र तेवढीच राहते. गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यावर चिकटपट्टी लावली म्हणून टाकी भरत नाही, तसंच हे. शिवाय कॅफीनचं अर्धायुष्य साधारण पाच तासांचं. हाफ-लाइफची गणितं आपण बारावीला ढीगभर सोडवलीत, तेव्हा हे एक सोडवा : संध्याकाळी सहाला प्यायलेली कडक कॉफी रात्री अकराला अर्धी शिल्लक असते आणि पहाटे चारला पाव. डेट्रॉईटच्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात झोपेच्या तब्बल सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं होतं (म्हणजे तीन-चार मोठे कप कडक कॉफी). तरीही त्या लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. 'मला काही होत नाही, मी कॉफी पिऊनही झोपते' म्हणणाऱ्या मुलींनी हे मुद्दाम वाचावं. झोप लागणं वेगळं आणि पुरेशी होणं वेगळं.

सबमिशनच्या आठवड्यात आमच्याकडे रात्री नऊला कॉफी होते, बाराला कॉफी होते आणि दोन वाजता झोप येत नाही म्हणून कॅमोमाईल होतो. एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून गाडी चालवल्यावर इंजिनाचं काय होतं हे निदान मेकॅनिकलवाल्यांना तरी विचारा!

तर आता या कॅमोमाईलबद्दल. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलींना हा शब्द गवती चहाच्या आधी कळतो, कारण 1902 सालच्या 'पीटर रॅबिट'च्या गोष्टीत दमून-भागून घरी आलेल्या पीटरला त्याची आई झोपताना कॅमोमाईलचा काढाच पाजते. म्हणजे इंग्रजांच्या आजीच्या बटव्यातलं हे औषध. त्यात 'अ‍ॅपिजेनिन' नावाचं एक द्रव्य असतं आणि झोपेच्या काही गोळ्या मेंदूत जिथे काम करतात तिथेच ते थोडंफार चिकटतं, हे खरं. पण प्रयोगशाळेत चिकटणं आणि माणसाला झोप लागणं यात अंतर आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात निद्रानाश असलेल्या 34 जणांवर याचा प्रयोग झाला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. महिनाभर निम्म्यांना कॅमोमाईलचा अर्क आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. झोपेच्या नोंदींमध्ये दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. प्रयोग लहान होता हे मान्य, पण डब्यावरचा चंद्र मात्र फार मोठा आहे! बाकी कॅमोमाईल तसा निरुपद्रवी. फक्त तो शेवंती आणि गाजरगवताच्या कुळातला आहे, तेव्हा ज्यांना गाजरगवताची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी जपून.

दुसरा मान 'व्हॅलेरियन'चा. हिमालयात मिळणारी त्याची बहीण म्हणजे आयुर्वेदातली तगर (आपल्या अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर वेगळी, तिची पानं उकळत बसू नका). झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या अकादमीने 2017 साली उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत जुनाट निद्रानाशासाठी व्हॅलेरियन आणि मेलाटोनिन वापरू नये असं सुचवलंय, कारण पुरावा तोकडा आहे. आणि झोपेच्या तेलांत, पावडरींत मिरवणारी जटामांसी? ती तर हिमालयातून इतकी उपटली गेली की अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत जाऊन बसलीय. आपल्याला रील बघून झाल्यावर झोप यावी म्हणून तिकडे डोंगरावरची एक वनस्पती संपावी, हे काही बरोबर नाही.

अश्वगंधाची बाजू यांच्यापेक्षा जरा भक्कम आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिच्या शास्त्रीय नावातच 'सोम्निफेरा' म्हणजे झोप आणणारी असा लॅटिन शब्द आहे. 2021 साली पाच प्रयोगांचे, म्हणजे एकूण 400 लोकांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तेव्हा झोपेत लहानसा पण खरा फायदा दिसला. मात्र तो जास्त दिसला कुणात? ज्यांनी रोज 600 मिलिग्रॅम किंवा जास्त, तेही निदान आठ आठवडे घेतलं त्यांच्यात. व्हायवाच्या आदल्या रात्री चघळलेल्या एका गमीचा यात कुठेही उल्लेख नाही! दुसरी बाजूही आहे. अश्वगंधाच्या गोळ्या घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्यात, आणि तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या 2020 च्या अहवालाचा आधार घेऊन डेन्मार्कने 2023 साली तिच्यावर बंदीच घातली. भारतातल्या अनेक जाणकारांना ही बंदी पटलेली नाही, आणि तो वाद त्यांनी घालावा. माझा मुद्दा एवढाच की जी वस्तू खरोखर काम करते ती औषध असते आणि औषध म्हटलं की मात्रा, मुदत आणि वैद्य तिन्ही आलं. चॉकलेटसारखं वाटून खायचं ते औषध नव्हे.

गमीजचा विषय निघालाच आहे तर अजून एक. 2023 साली अमेरिकेत मेलाटोनिनच्या 25 प्रकारच्या गमीज तपासल्या. एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच, आणि बाकीच्यांत डब्यावर लिहिलेल्या आकड्याच्या 74 टक्क्यांपासून 347 टक्क्यांपर्यंत काहीही निघालं. लॅबमध्ये आपलं रीडिंग पाच टक्के चुकलं तर सर जर्नल परत देतात, हे आठवतंय ना?

आता घरच्या उपायांकडे वळते, कारण खरी जोखीम तिथेच झाली. आमच्या विंगमधल्या एका मुलीची गोष्ट. गेल्या वर्षी पीएलमध्ये तिने कुठल्याशा रीलवर 'जायफळाचं दूध प्या, पाच मिनिटांत झोपा' असं पाहिलं. चिमूटभराने काही झालं नाही म्हणून तिने अख्खं जायफळ किसून दुधात घातलं. रात्री तीनला तिची छाती धडधडायला लागली, तोंड कोरडं पडलं, भिंती हलताहेत असं म्हणायला लागली. वॉचमनकाकांना उठवलं, रिक्षा मिळवली, आणि आम्ही तिघी सकाळपर्यंत कॅज्युअल्टीच्या बाकावर बसून होतो. ती बरी झाली. पण तिच्या आईचा फोन आला तेव्हा 'काय खाल्लं होतं?' या प्रश्नाला 'जायफळ' एवढंच उत्तर देताना आमची जीभ अडखळत होती, कारण त्या माउलीचा विश्वासच बसेना. जायफळ तर आपण पुरणपोळीत घालतो, श्रीखंडात घालतो, बाळाला देतो!

देतो ना. पण कसं देतो? बाळगुटीचं जायफळ आजी सहाणेवर उगाळते आणि ते मोजते 'वेढ्यां'नी. एक वेढा, फार तर दोन. वजनकाटा नव्हता, पण मात्रेचं भान पक्कं होतं; ते आजीचं मायक्रोमीटरच म्हणा ना! जायफळात 'मिरिस्टिसिन' नावाचं द्रव्य असतं आणि साधारण पाच ग्रॅम जायफळ पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. एक अख्खं जायफळ किसलं की तेवढा कीस सहज होतो. वाईट म्हणजे परिणाम दिसायला काही तास लागतात, त्यामुळे 'काहीच होत नाहीये' म्हणून माणूस आणखी घेतो. पाच मिनिटांत झोपवणारं ते रील बनवणाऱ्याला हे माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं. आपण आजीच्या बटव्यातली वस्तू उचलली आणि मोजमाप मात्र तिथेच ठेवून आलो.

म्हणूनच 'नॅचरल आहे, त्याने काय होतंय?' हे वाक्य मला फार धोकादायक वाटतं. महादेवाला वाहतात तो धोतरा नॅचरल आहे. कुंपणाला लावतात ती कण्हेर नॅचरल आहे. दोन्ही जिवावर बेतू शकतात. निसर्गाने वनस्पती आपल्याला झोपवण्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्यांतली बरीच रसायनं तर त्यांना कुणी खाऊ नये यासाठीच आहेत.

मग घरचे उपाय सगळे टाकाऊच का? मुळीच नाही! गरम दुधाचं उदाहरण घ्या. दुधात 'ट्रिप्टोफॅन' असतं आणि त्यापासून शरीरात झोपेशी संबंधित रसायनं बनतात, म्हणून दूध झोप आणतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण पेलाभर दुधात ते अगदी थोडं, आणि मेंदूत शिरायला त्याला दुधातल्याच बाकीच्या प्रथिनांच्या घटकांशी चढाओढ करावी लागते. तरीही दुधाने बऱ्याच जणांना बरं वाटतं, कारण ते रोज एकाच वेळी, शांतपणे बसून, दिवस संपला असं मनाशी म्हणत घेतलं जातं. हा फायदा कॅमोमाईललाही मिळतो, आणि नुसत्या गरम पाण्यालाही. फुकट मिळतो, हे महत्त्वाचं!

आणि तळपायाला तेल? माझ्या मते आपल्याकडच्या उपायांतला हा सगळ्यात इंजिनीअरिंग उपाय. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासायचं, ही पद्धत बऱ्याच घरांत आहे. काशामुळे 'उष्णता खेचली जाते' वगैरे सिद्धान्त बाजूला ठेवू. पण झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ती उष्णता बाहेर टाकायचे आपले रेडिएटर म्हणजे हात आणि पाय. बाझलच्या संशोधकांनी 1999 साली 'नेचर'मध्ये दाखवलं की ज्यांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या, म्हणजे ज्यांचे हातपाय उबदार, त्यांना लवकर झोप लागते. पुढे 2019 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या बायोमेडिकल इंजिनीअर मंडळींनी आधीच्या अभ्यासांची बेरीज केली : झोपण्याआधी एक-दोन तास, 40 ते 42.5 अंश सेल्सिअसच्या पाण्याने अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते. बाहेरून गरम केल्यावर आतून गार कसं होतं? कातडीकडे रक्त जास्त येतं आणि उष्णता बाहेर पडते. हीट ट्रान्सफरचा पेपर ज्यांचा राहिलाय त्यांनी हा प्रयोग जरूर करावा, निदान एक चॅप्टर तरी पक्का होईल!

सगळ्यात मजा मला वाटली ती चरकसंहितेची. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर त्या ग्रंथाची सावली असते. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारस्तंभ मानलेत. त्याच ग्रंथात सूत्रस्थानाच्या 21 व्या अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी उपायांची यादी आहे. त्यात काय काय आहे? तेल लावणं, अंघोळ, दूध, दहीभात, मन प्रसन्न ठेवणं, आवडते सुवास आणि आवाज, अंग चेपून घेणं, नीट घातलेलं अंथरूण, सुखकर घर आणि योग्य वेळ! (यादीत मद्यही आहे, पण हे वाक्य रेक्टर मॅडमनी वाचलं नाही असं समजू. शिवाय दारूने झोप लवकर लागली तरी उत्तररात्री ती मोडते, हे आता पक्कं ठाऊक झालंय.) यादी पुन्हा वाचा. तिच्यात अंथरूण, घर आणि वेळ आहे. पण या तीन गोष्टी पुडीत भरून विकता येत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही. आणि नेमक्या याच तीन गोष्टी होस्टेलमध्ये नसतात.

इथून पुढचं मी विद्यार्थी आणि शिक्षक दोघांसाठी लिहितेय.

आपल्याकडे जागणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झालीय. 'काल किती वाजता झोपलीस?' या प्रश्नाला 'साडेचार' म्हणणारी हुशार आणि 'अकरा' म्हणणारी बावळट. ज्यांना ही परंपरा प्यारी आहे त्यांनी एमआयटीमधला अभ्यास पाहावा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या पंढरीतलाच. तिथल्या एका वर्गातल्या सुमारे शंभर मुलांच्या मनगटावर सत्रभर झोप मोजणारे पट्टे बांधले होते. निष्कर्ष 2019 साली आले. मार्कांमधला जो फरक होता त्यातला जवळजवळ पाव हिस्सा झोपेच्या मोजमापांशी जुळत होता. नुसते तास नाहीत, नियमितपणाही तितकाच महत्त्वाचा निघाला. आणि परीक्षेच्या फक्त आदल्या रात्री नीट झोपून काही फायदा दिसला नाही. त्याआधीचा आठवडा, महिना मोजला गेला. आता दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असतं असं नाही, हे मलाही कळतं. पण सबमिशनच्या आठवड्यात पंधरवड्याची झोप उधार घेणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं साधं आहे. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद. हे पहिले चार दिवस जड जाईल, पाचव्या दिवसापासून फरक पडेल. उठायची वेळ रोज एक, रविवारीसुद्धा (हे वाचून कोण चिडलं ते मला माहितेय!). मोबाईल उशीखाली नको, टेबलावर. काढा घ्यायचाच असेल तर बडीशेप, गवती चहा, आलं, जे मेसच्या मावशी मागितल्यावर देतात ते घ्या. चारशे रुपये वाचवून एक जाड पडदा आणि इअरप्लग घ्या. चिमूटभर जायफळाला कुणाची ना नाही, पण रील बघून मात्रा ठरवू नका.

आणि आदरणीय शिक्षकवर्ग, होस्टेल कमिटी, तुमच्याकडेही काही मागणं आहे. ऑनलाइन असाइनमेंटची मुदत रात्री 11 वाजून 59 मिनिटं ही कुणी ठरवली? ती संध्याकाळी सहा का नको? मुदत 11:59 ठेवली की निम्मं कॉलेज 11:58 ला जागं असणार, आणि तेवढ्या धावपळीनंतर एकच्या आत कुणाला झोप लागणार नाही. शेवटच्या क्षणाला काम करणारी मुलं सहाची मुदत ठेवलीत तरी पाच वाजून अठ्ठावन्नलाच सबमिट करतील, पण मग निदान त्यांना रात्र तरी मिळेल. दुसरं, कॉरिडॉरच्या ट्यूबलाइट रात्रभर जळतात आणि त्यांचा उजेड दारावरच्या काचेतून थेट उशीवर पडतो. अकरानंतर एक सोडून एक बंद करा. वीजबिलही कमी होईल. तिसरं, सोलरचं गरम पाणी सकाळी सहा ते आठ मिळतं. दुपारभर तापलेलं तेच पाणी रात्री नऊ ते दहा तासभर सोडता येईल का? वरच्या सगळ्या जडीबुटींपेक्षा ते जास्त कामाचं ठरेल. चौथं, वाढदिवस बारा वाजता कॉरिडॉरमध्ये ओरडून साजरे करायचे नाहीत हा नियम आहेच, तो आम्ही मुलींनी आणि मुलांनी आपणहून पाळावा. हे मागणं कमिटीकडे नाही, आपल्या आपल्यातच आहे.

शेवटी एक गंभीर गोष्ट. काही जणांची झोप टाइमटेबलमुळे गेलेली नसते. अंधार आहे, शांतता आहे, कॉफी नाही, तरी डोळा लागत नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री असं होतंय आणि महिनोन् महिने चाललंय, किंवा पहाटे उठून रडू येतंय. अशांच्या हातात मैत्रिणींनी कॅमोमाईलचा डबा देऊ नये. ते प्रेमाने दिलं तरी त्याने उशीर होतो. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून 2016 पासून अमेरिकन फिजिशियन मंडळीही आधी गोळ्या देत नाहीत, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी एक समुपदेशनाची पद्धत सुचवतात. आपल्याकडे 'टेली-मानस' ही सरकारी सेवा आहे, 14416 या नंबरवर फोन केला तर मराठीतूनही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर दारामागे लिहून ठेवा. आपल्याला नाही तर शेजारच्या खोलीला लागेल.

धोंड्यावर झोप लागायची कारण ती रात्र त्या माणसाची स्वतःची असायची. आपल्याला तेवढी रात्र परत मिळाली तर आमच्या होस्टेलची गादीही गोड लागेल! 11:59 ची मुदत, रात्रीचं गरम पाणी आणि कॉरिडॉरचे दिवे या तीन मागण्यांचा अर्ज पुढच्या टर्मच्या पहिल्या होस्टेल मीटिंगमध्ये मी देणार आहे. सह्यांचा कागद मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलेला असेल. पटलं तर सही करा. फक्त एक विनंती... रात्री अकराच्या आत या!

— टी. ई. मेकॅनिकल, लेडीज होस्टेल